सिस्टर गजभिये आणि लेडीज डबल्स

इंजेक्शन देण्याआधी आणि सर्व्हिस करण्याआधी सिस्टर गजभिये एकच वाक्य म्हणत, आणि तेही एकाच आवाजात: "हलू नको!"

दवाखान्यात ते ठीक होतं. पण टेनिसच्या कोर्टावर, पदर कमरेला खोचलेली, पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई जाळीपलीकडून "हलू नको!" असं दरडावते, तेव्हा समोरची बिचारी खरोखरच हलत नाही. चेंडू तिच्या पायाजवळून निघून जातो आणि पॉइंट सिस्टरना मिळतो. याबद्दल क्लबाकडे तक्रार गेली. क्लबाचे सेक्रेटरी देशपांडेसाहेब यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. समोरच्याला शिवी देऊ नये असं त्यात होतं. हलू नको असं म्हणू नये, असं कुठेच नव्हतं.

"मंग?" सिस्टर म्हणाल्या. "मी काय शिवी देली काय? सवय हाये माही. हात वर उचलला का तोंडातून निंगतेच."

ही गोष्ट तुमसरच्या पुढच्या एका मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीतली. वसाहतीचं नाव सांगत नाही, कारण यातल्या काही बायका अजून खणखणीत आहेत आणि त्यांच्या सुना मला ओळखतात. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी तिथे आले. माझे यजमान खाणीच्या ऑफिसात क्लार्क. वसाहतीत सगळ्यावर काळी भुकटी बसायची: वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, तुळशीच्या पानांवर आणि टेनिसच्या पांढऱ्या चेंडूंवरसुद्धा. पहिल्या सेटला पांढरा असलेला चेंडू दुसऱ्या सेटपर्यंत राखाडी होई, आणि तिसरा सेट लागलाच तर संध्याकाळच्या उजेडात चेंडू कुठला नि सावली कुठली हे देवालाच माहीत.

कोर्ट इंग्रज मॅनेजरच्या काळातलं. मातीचं, आणि शेणाने सारवलेलं. ही थट्टा नाही. तेव्हा अशी कोर्टं बरीच होती. खाणीवरच्या बाया येऊन आपल्या अंगणासारखं ते सारवून जात आणि मग त्यावर साहेबलोक इंग्रजीत मोजत खेळत. त्या मॅनेजरच्या बायकोला एकदा खेळायला चौथी बाई मिळेना, म्हणून तिने दवाखान्यातल्या तरुण नर्सला बोलावून घेतलं. ती नर्स म्हणजे भागरथा गजभिये. मॅडम विलायतेला परत गेली, पण जाताना आपली रॅकेट सिस्टरना देऊन गेली. सिस्टर ती रॅकेट दवाखान्याच्या कपाटात, स्पिरिट आणि कापसाच्या शेजारी ठेवत. रॅकेटलाही स्पिरिटचा वास यायचा.

दिसायला सिस्टर उंच, हाडापेराने दणकट. चष्मा पडू नये म्हणून तो डोक्यामागून बँडेजच्या पट्टीने बांधलेला. खेळतानाही त्या नर्सच असत. जाळीजवळ आल्या की समोरच्या बाईचं तोंड निरखून पाहत आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात निदान करत. "अवो बाई, डोळे पांढरे दिसून राहिले तुमचे. रक्त नाई अंगात. उद्या दवाखान्यात येजा." ती बाई डोळ्यांची काळजी करत बसे आणि सिस्टर पुढचा चेंडू तिच्या डोक्यावरून काढत. हे त्या मुद्दाम करत की मनापासून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती बाई दवाखान्यात आली नाही तर संध्याकाळी गोळ्या घेऊन तिच्या घरी जात, हेही मी पाहिलंय.

दिवाळीनंतर कोर्ट सुरू व्हायचं आणि ऊन तापायच्या आत, होळीच्या सुमाराला, सीझन संपवणारी लेडीज डबल्सची चॅम्पियनशिप व्हायची. वर्षभर चौथी बाई म्हणून सिस्टर चालत. चॅम्पियनशिपला चालत नसत. ती ऑफिसरांच्या मिसेससाठी होती. असं बरीच वर्षं चाललं. मग एका वर्षी, मी तिथे यायच्याही आधी, चिठ्ठ्या टाकायच्या दिवशी सिस्टर दवाखान्यातलं लोखंडी स्टूल घेऊन आल्या, कोर्टाच्या बरोब्बर मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या.

देशपांडेसाहेब समजवायला गेले. "सिस्टर, ही स्पर्धा मिसेस लोकांची आहे."

"मी कोनाची मिसेस नाई. मंग खेळाचं नाई काय मी?"

"तसं नाही हो, पण नियम आहे."

"सालभर बाई कमी पडली का बोलावणं येते. तवा तुमचा नियम कुठं जाते?"

"उठा बघू तुम्ही."

"उठवा. हात धरून उठवा."

कुणी पुढे येईना. सिस्टर छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातल्या. वसाहतीत जातपात कुणी पाळत नाही असं सगळेच सांगत, फक्त मॅच संपल्यावर जाळीवरून हात मिळवायची वेळ आली की काही बायकांना नेमकी तेव्हाच तहान लागे. सिस्टरनी बसल्या जागेवरून आपले दोन्ही हात पुढे केले.

"हे हात पाहा, साहेब. तुमचे दोन्ही पोरं ह्याच हातात पडले. तवा तुमच्या मिसेसनं हे हात असे धरून ठेवले होते का माही बांगडी फुटली. मंग आता ह्याच हातात रॅकेट चालत नाई, असं हाये काय?"

मिसेस देशपांडे समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं म्हणतात की साहेबांनी तिथल्या तिथे नियम बदलला. सिस्टर खेळणार हे ठरलं. त्यांची पार्टनर कुणीही चालेल हेही ओघानेच ठरलं, कारण मिसेस लोकांपैकी एकही त्यांची पार्टनर व्हायला तयार नव्हती.

तेव्हापासून सिस्टरना एका गोष्टीचा ध्यास लागला. क्लबाच्या हॉलमध्ये एक सागवानी फळा होता. त्यावर दर वर्षीच्या विजेत्या जोडीची नावं सोनेरी रंगात. आता नावं म्हणजे काय, तर सौ. आर. के. अमुक आणि सौ. व्ही. जी. तमुक. खेळल्या बायका आणि आद्याक्षरं नवऱ्यांची.

"ह्या फळ्यावर एकबी बाई नाई," सिस्टर म्हणत. "सारे मानसंच हायेत. फक्त पुढं सौ. लावलं त्यायले."

त्यांना त्या फळ्यावर 'भागरथा गजभिये' असं पुरं नाव हवं होतं. आणि खाली पार्टनरचंही तिचं स्वतःचं. बस, आयुष्यात एवढंच मागणं. रंगवणाऱ्या पेंटरला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "जागा जास्त सोडजो बापा, माहं नाव लंबं हाये." हॉलमधून जाताना फळ्यावरच्या रिकाम्या जागेवर त्या हाताची वीत ठेवून पाहत. मावतं की नाही याची खात्री करत.

मावायचं कसलं? फळ्यापर्यंत जायला पार्टनर टिकायला हवी. सिस्टर क्लार्क लोकांच्या क्वार्टर्समधून एखादी चपळ बाई हेरत, तिला सकाळी सकाळी कोर्टावर आणून वर्षभर घासत, आणि ऐन चॅम्पियनशिपच्या तोंडावर तिच्या नवऱ्याची बदली होई. नाहीतर तिला दिवस जात. बहुतेकींना दिवसच जात. सिस्टर त्यावर भयंकर चिडत.

"मी सालभर बॅकहँड शिकवावं आनि ह्यायनं पोरं पैदा करावं! पार्टनर बी गेली आनि तिचं बाळंतपन बी माह्याच गळ्यात!"

लग्न का केलं नाही, असं एकदा एका मिसेसने त्यांना विचारलं होतं. "फुरसत कुठं भेटली?" त्या म्हणाल्या. "तुमच्याच लेकरायच्या मागं तं होती सारी जिंदगी." कोर्टावर असो की दवाखान्यात, सिस्टरपुढे बोलणं कुणाचं चालत नसे.

आता मी यात कशी आले ते सांगते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यात सिस्टरच होत्या. घरी आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वसाहत तशी प्रेमळ. रोज कुणीतरी यायचं, बशीभर काहीतरी आणायचं आणि आवाज खाली करून विचारायचं, "कसं झालं हो? काही जड उचललंत का?" मी बशी रिकामी करून परत द्यायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची.

एका सकाळी सिस्टर न विचारता आत आल्या, खिडकी धाडकन उघडली आणि माझ्या अंगावर लिंबू फेकलं. मी पडल्या पडल्या ते झेललं.

"गाव कोनतं वं तुहं?"

"लाखांदूरकडचं."

"धानाच्या शेतात पाखरं हाकलले काय?"

हाकलले होते. लहानपणी मचाणावर उभी राहून गोफणीने मी राघूंचे थवेच्या थवे उठवलेत. नेम माझा भावांपेक्षा चांगला होता, असं आमचे बाबा सांगत.

"मंग उठ," सिस्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी कोर्टावर."

आमच्या यजमानांचा जीव टांगणीला लागला. क्लार्कची बायको ऑफिसर लोकांच्या कोर्टावर? त्यांनी घसा खाकरून "माझं असं मत आहे की" एवढी सुरुवात केली.

"तुमचं मत दवाखान्यात येऊन सांगजा," सिस्टर म्हणाल्या. "इंजेक्शन देता देता ऐकून घेईन."

यजमानांचं मत तिथेच संपलं. पण खरी पंचाईत पुढे होती. कोर्टावर पांढरे कपडे लागत. सिस्टरच्या साऱ्याच साड्या पांढऱ्या, त्यांतली एक त्यांनी मला दिली. ती नेसून मी बाहेरच्या खोलीत आले तर यजमान चहाचा कप धरून नुसते बघत राहिले. "अगं, मी आहे अजून," ते हळूच म्हणाले. मग तोड निघाली. पांढरी साडी, पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या. मी बॅकहँड मारला की असा खळखळाट व्हायचा की पलीकडच्या बायकांना बैलगाडी आल्यासारखं वाटे.

सिस्टरनी मला शिकवलं म्हणजे शिव्या घातल्या. "डोळे कुठं हायेत तुहे? राघू समज त्याले! धान खाऊन राहिला तुह्या बापाचं!" हे मला चांगलं समजायचं. बापाचं धान वाचवायचं म्हटलं की चेंडू नेमका जायचा. थंडी सरेपर्यंत मला भूक लागायला लागली. भिंतीकडे तोंड करून पडायला वेळच राहिला नाही. पहिल्या सीझनला आम्ही लवकर हरलो. दुसऱ्या सीझनला, म्हणजे आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, आम्ही थेट फायनलला.

तो सिस्टरचा शेवटचा सीझन होता. महिनाअखेरीला त्या रिटायर होणार होत्या. क्वार्टर सोडून लाखांदूरला भावाकडे जायचं ठरलं होतं. फळ्यावर नाव लागायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि पेंटरलाही. त्याने सोनेरी रंग आणून ठेवला होता.

फायनल मिसेस भाटिया आणि मिसेस देशपांडे यांच्याशी. मिसेस भाटिया चीफ इंजिनियरच्या पत्नी, लहानपणापासून शिकून खेळणाऱ्या. मिसेस देशपांडे शिकलेल्या नव्हत्या, पण चिवट. जनरल मॅनेजर बक्षीस द्यायला येणार म्हणून देशपांडेसाहेबांनी सारवणाऱ्या बायांना सांगितलं, "चांगलं सजवा." आता आमच्याकडच्या बायांना सजवा म्हटल्यावर त्या काय करणार? त्यांनी दिवाळीला अंगण करतात तसं कोर्टभर जाड, हिरवंगार शेण सारवलं आणि चारही कोपऱ्यांत रांगोळीची कमळं काढली. मधोमध लक्ष्मीची पावलं. ती बरोब्बर जाळीखालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली होती. साहेब पाहायला आले तेव्हा मॅनेजरची जीप फाटकातून आत येत होती. पुसायला वेळ नव्हता. अंपायरने जाहीर केलं की कमळ पूर्ण आत धरलं जाईल.

"राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "लक्ष्मी तिकडून इकडं येऊन राहिली. आपल्याच बाजूनं हाये."

आम्ही पहिला सेट जिंकलो. हे मी आजही लिहिते तेव्हा हाताला मुंग्या येतात. सिस्टर "हलू नको!" म्हणत होत्या आणि मिसेस देशपांडे हलत नव्हत्या. मिसेस भाटिया मात्र हलत होत्या, आणि मी त्यांच्यावर नेम धरून होते. क्लार्क लोकांच्या क्वार्टर्समधल्या बाया कुंपणाला लोंबकळून ओरडत होत्या. आमचे यजमान, मत नसलेला माणूस, खुर्चीवर उभे होते. दुसऱ्या सेटमध्येही आम्ही पुढे गेलो. एक गेम उरला. फक्त एक. बाजू बदलायला आम्ही जाळीच्या टोकाला आलो.

त्या बाजूला सारवण अजून ओलं होतं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि एकदम पोटातून ढवळून आलं. पेला ठेवला. पदर नाकाला लावला.

"काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाई. शेनाचा वास येऊन राहिला."

"शेनाचा?"

"हो. सकाळपासून. डोकं उठलं त्या वासानं."

सिस्टर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग सगळ्यांसमोर माझ्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने खाली ओढून पाहिली. नखं पाहिली. कुंपणावरून बाया ओरडत होत्या, अंपायर घड्याळ पाहत होता. सिस्टरनी चष्म्याची पट्टी सोडली, चष्मा पुसला, पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "खाली बस."

"काहून?"

"बस म्हटलं ना!"

मी बसले. त्या एकट्याच जाळीकडे चालत गेल्या. दोन पावलं सरळ गेल्या, मग आठवण झाल्यासारख्या लंगडायला लागल्या. जाळीपाशी पोचून त्यांनी हात पुढे केला.

"घुटना गेला माहा. तुमी जिंकल्या."

मिसेस भाटिया धावत आल्या. "सिस्टर, हम रुक जाते हैं ना. आराम कर लीजिए, कोई जल्दी नहीं."

"नाई. गेला म्हंजे गेला."

मिसेस देशपांडेंना त्या दिवशी तहान लागली नाही. त्यांनी सिस्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. देशपांडेसाहेबांनी मात्र माइक हातात घेतला. "वयोमानामुळे सिस्टर गजभिये यांना शेवटी माघार घ्यावी लागलेली आहे," ते म्हणाले. "आता त्यांनी नातवंडांत रमावं!" काही लोक हसले. ज्या बाईने एका नियमासाठी स्टुलावर बसून अख्खा क्लब वेठीला धरला होता, ती बाई लोखंडी खुर्चीवर बसून हे ऐकून घेत होती आणि गुडघा चोळत होती. मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना. फक्त कप द्यायच्या वेळी त्या एकदाच बोलल्या. "घासून ठेवजा कप," त्या मिसेस देशपांडेंना म्हणाल्या. "पुढच्या साली कोनाले तरी धाडतो घ्याले."

फळ्यावर त्या संध्याकाळी दोन सौ. आणि नवऱ्यांची आद्याक्षरं चढली.

परतीच्या रस्त्यावर मी रागाने पाय आपटत चालत होते. यजमान मागे राहून पेंटरशी बोलत होते. दोन्ही रॅकेट सिस्टरनी स्वतःकडे घेतल्या होत्या. माझी रॅकेट मागितली तर देईनात. समोरून कुणी आलं की लंगडत, पुढे गेलं की सरळ चालत. आधी उजवा पाय धरला होता, आता डावा.

"तुमचा घुटना चांगला हाये, सिस्टर!" मी शेवटी ओरडलेच. "कायले खोटं बोलल्या तुमी? एक गेम होता! एकच!"

"ओरडू नको. पुलियावर बस."

"नाई बसत!"

"बस, टुरी," त्या लेकीला म्हणावं तसं म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी बसले. मग त्यांनी बायकांना विचारतात ते प्रश्न विचारले. मी बोटांवर मोजलं. चुकलं. पुन्हा मोजलं. त्या एका वेळेनंतर माझं सगळंच मागेपुढे होई, म्हणून मी लक्ष द्यायचंच सोडलं होतं.

"शेनाच्या सड्यात वाढलेली पोट्टी तू," सिस्टर म्हणाल्या. "तुले शेनाचा वास येते, म्हंजे काय असते?"

मी त्यांचा पदर धरला आणि रडले. आनंदाने की भीतीने, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने मी विचारलं, "मंग माही तब्येत बिघडली असं सांगाचं होतं ना. तुमी कायले हसून घेतलं?"

"अन् उद्या साऱ्या वसाहतीनं बश्या घेऊन तुह्या घरी याचं? काय झालं, कसं झालं?" त्या एकदम भडकल्या. "मागच्या वेळी पाहिलं नाई काय मी? तीन महिने होऊ दे. तोवर कोनाले कळू द्याचं नाई. तुह्या मायलेबी नाई. तोवर माहा घुटना दुखते. दोन्ही घुटने दुखते! कोन काय म्हन्ते ते पाहून घेईन मी."

रिटायर होईपर्यंत त्या दवाखान्यात काठी घेऊन फिरल्या. निरोपाच्या समारंभातही लंगडल्या. दर दोन दिवसांनी "घुटन्याले तेल लावून दे वं जरा" म्हणून माझ्या घरी येत, दार लावून घेत आणि माझी नाडी पाहत. मग एक दिवस एसटीने लाखांदूरला गेल्या. फळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी एकदा काढला तर म्हणाल्या, "फळा सागवानी हाये. कुठं पळून जाऊन राहिला?"

पहिलं बाळंतपण माहेरी. धान कापणीला आलं होतं तेव्हा मी गावी होते. सिस्टरना कळवायच्या आधीच त्यांना कळलं होतं. दुपारच्या एसटीने त्या उतरल्या, हातात स्पिरिटचा वास येणारी पेटी, पाय दोन्ही ठणठणीत. माझी आई वाईट नव्हती, पण जुन्या वळणाची. तिने पाहुण्या बाईसाठी ओसरीत खुर्ची मांडली आणि वेगळ्या पेल्यात पाणी ठेवलं. सिस्टरनी खुर्चीकडे पाहिलंच नाही. त्या सरळ चालत आतल्या खोलीत आल्या आणि आतून आईला हुकूम सोडला, "पानी उकळा. आनि तो पेला आत आना, मले तहान लागली."

आईने पेला आत आणला. नंतर ती त्यांचं सांगणं लहान पोरीसारखी ऐकत होती.

मला त्रास झाला, पण सिस्टर ओरडत होत्या तोवर मला भीती वाटली नाही. मग एकदम लहानसं रडू ऐकू आलं आणि सिस्टरचं ओरडणं थांबलं.

"टुरी हाये," त्या म्हणाल्या.

वसाहतीतल्या बायका सांगत की सिस्टर बाळ पुसतात, गुंडाळतात आणि आईच्या कुशीत देऊन मोकळ्या होतात, लगेच पुढची पेशंट. इतकी बाळं त्यांच्या हातून गेली, एकही त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ हातात ठेवलं नव्हतं. मी वाट पाहत होते. त्यांनी माझ्या लेकीला पुसलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या.

मी हात पुढे केले. "द्या ना, सिस्टर."

त्या वळल्या नाहीत. आई म्हणाली, "बाई, लेकरू मायपाशी द्या."

"देतो ना." हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. त्यात दरडावणी नव्हती, भांडण नव्हतं. त्या चक्क विनवत होत्या. "देतोच हो. थोडा वेळ राहू द्या माह्यापाशी."

मी हात खाली घेतले आणि आईला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं.